पोक, उंची आणि श्वासाचं माप

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पोक आलं की "आता वय झालं" म्हणून आपण विषय संपवतो. जिना चढताना लागणारी धापही त्याच खात्यात जमा होते. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, हे मात्र सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रीक लेखनात म्हटलंय की कुबड श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या) वर असेल, तर छाती रुंद न होता पुढे टोकदार होते आणि माणसाला श्वास घ्यायला त्रास होतो. निरीक्षण अचूक होतं, पण मोजायला साधन नव्हतं.

ते आलं १८४६ मध्ये. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने पाण्यात पालथं घातलेलं भांडं वापरून स्पायरोमीटर, म्हणजे श्वास मोजायचं यंत्र, बनवला. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीत सगळा सोडायचा. भांडं जितकं वर येईल तितकी हवा. खलाशी, पोलीस, सैनिक असे २००० हून अधिक लोक त्याने तपासले. वय वाढलं की ही हवा कमी होते, हे त्याला दिसलंच; पण त्याला सर्वात भावला तो उंचीशी असलेला तिचा मेळ. माणूस जितका उंच, तितका श्वास मोठा. आयुर्विमा कंपन्यांना याचा उपयोग होईल, असंही त्याच्या डोक्यात होतं.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत पुढे घोटाळा झाला तो या उंचीमुळेच. आजही तपासणीच्या खोलीत यंत्राला आधी वय, लिंग आणि उंची सांगावी लागते. त्यावरून ते "एवढी हवा यायला हवी" असा आकडा काढतं. समजा, तरुणपणी १५५ सेंटिमीटर असलेली बाई मणके दबून, पाठ वाकून १४७ वर आली. यंत्राला वाटतं बाई मुळातच बुटकी. अपेक्षा खाली येते आणि रिपोर्ट बरा दिसतो. ज्या वाकण्याने श्वास गेला, तेच वाकणं ते नुकसान झाकतं! यावरचा तोडगा आपल्या जुन्या लोकांना ओळखीचा वाटेल. उंचीऐवजी दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, म्हणजेच विहिरीचं पाणी ज्यात मोजत ते वाव. पाठ खचली तरी हातांची हाडं तेवढीच राहतात.

पाठ वाकल्याने श्वास का अडतो, हे समजायला बरगडीकडे बघावं. बरगड्यांच्या बाराही जोड्या मागे छातीच्या मणक्यांना जोडलेल्या असतात आणि श्वास घेताना बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात. मणके पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखे झाले की बरगड्या एकमेकींवर कलतात आणि कडीला उचलायला जागा उरत नाही. पोट वर ढकललं जातं, श्वासपटलही अडतं.

विसाव्या शतकातलं बहुतेक संशोधन मात्र लहान मुलांच्या आणि तरुणांच्या पाठीवर झालं. मणक्यांचा क्षय, पोलिओ, बाजूला वळलेला कणा. एक्स-रेवर बाक मोजायचा जो कोन आजही वापरतात, तो अमेरिकन अस्थितज्ज्ञ जॉन कॉबने १९४८ मध्ये मांडला तोही अशा वळलेल्या कण्यांसाठीच. फुलर ऑलब्राइट या अमेरिकन डॉक्टरने १९४०च्या सुमारास पाळी गेल्यानंतरच्या हाडांच्या ठिसूळपणाकडे लक्ष वेधलं होतं, पण त्याचा श्वासाशी हिशेब मांडायला आणखी अर्धं शतक गेलं. दुखणं म्हाताऱ्या बायकांचं होतं, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आकडा दिला: छातीचा एक मणका चेपला की फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या सुमारे ९ टक्क्यांनी घटते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ९५७५ वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत मणके मोडलेल्यांचे मृत्यू जास्त आढळले, विशेषतः फुप्फुसाच्या आजारांनी. तिथल्याच फ्रेमिंगहॅम या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालू असलेल्या अभ्यासातून २०१७ मध्ये कळलं की जास्त पोक असलेल्या स्त्रियांचा श्वास १६ वर्षांत अधिक घटला. पुरुषांत तसं दिसलं नाही.

पोक मोजायची सर्वात साधी रीत कॅलिफोर्नियातल्या रँचो बर्नार्डोच्या पाहणीत वापरली गेली. माणसाला उताणं झोपवायचं; मान मागे न टाकता डोकं टेकत नसेल तर त्याखाली १.७ सेंटिमीटर जाडीचे ठोकळे सरकवायचे आणि मोजायचे.

उपाय म्हटला की आपल्याकडे योगाचं नाव निघतं. लॉस एंजेलिसमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साठीपुढच्या ११८ जणांपैकी योगगटाने २४ आठवडे आसनं केली. लवचीक पट्टीने मोजलेला बाक ५ टक्क्यांच्या आसपास कमी झाला, दुसऱ्या उपकरणावर मात्र ठोस फरक आला नाही. पण कुठलं आसन, हा प्रश्न त्याहून जुना आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने ठिसूळ हाडांच्या ५९ स्त्रियांची पाहणी मांडली. पाठ मागे ताणणाऱ्या व्यायामाच्या गटात १६ टक्के जणींचे मणके नव्याने चेपले; पुढे वाकणाऱ्या गटात ८९ टक्के. सकाळी बागेतल्या वर्गात पायाचे अंगठे धरायला सांगतात, तेव्हा पहिल्या रांगेत बहुधा आज्याच असतात.