सुपर व्हिसाचा पीडीएफ फॉर्म: ‘व्हॅलिडेट’ केल्याशिवाय पुढे जाऊ नका

मुलगा, मुलगी किंवा नातवंड कॅनडाचं नागरिक किंवा पीआर (कायमचा रहिवासी) असेल, तर आई-वडील आणि आजी-आजोबांना सुपर व्हिसा मागता येतो. एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलं स्टडी किंवा वर्क परमिटवर असतील तर हा व्हिसा मिळत नाही, साध्या व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो.

कागदपत्रांत मुलाचं निमंत्रणपत्र, नात्याचा पुरावा, त्याच्या पुरेशा उत्पन्नाचा दाखला, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्य विमा आणि ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडची तपासणी. सातबारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला फक्त मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडा.

घोडं अडतं ते फॉर्मपाशी. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर थेट प्रश्न विचारले गेले तर प्रश्नच मिटला. पण कागदपत्रांच्या यादीत ‘आयएमएम ५२५७’ हा व्हिसा अर्जाचा फॉर्म दिसला, तर ती पीडीएफ आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा. ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर ‘प्लीज वेट’ एवढंच दिसत राहतं. फाइल बिघडलेली नसते, तिथे ती उघडतच नाही.

सगळं भरून झालं की ‘व्हॅलिडेट’ दाबा. काही राहिलं असेल तर फॉर्म ती जागा दाखवतो, नसेल तर शेवटच्या पानावर बारकोड उमटतात. तुमची उत्तरं त्यांत साठवलेली असतात आणि तिथूनच ती इमिग्रेशन खात्याच्या संगणकात जातात. म्हणून नंतर एखादं अक्षर जरी बदललं तरी पुन्हा व्हॅलिडेट करायचं. हीच फाइल सेव्ह करून अपलोड करा. प्रिंट काढून स्कॅन करू नका, दुसऱ्या पीडीएफला जोडूही नका.

बारकोड आले म्हणजे उत्तरं खरी ठरली, असं मात्र नाही. फॉर्म फक्त रिकाम्या जागा आणि तारखांची मांडणी (वर्ष, महिना, दिवस) पाहतो. आपल्याकडे हमखास चुकतो तो ‘आधी दुसरं नाव होतं का?’ हा प्रश्न. आईचं माहेरचं नाव तिथे हवं, लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर तेसुद्धा. नाहीतर जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आणि अधिकाऱ्याला नातंच लागत नाही. नोकरीच्या रकान्यात मागची १० वर्षं सलग दाखवायची. बाबा निवृत्त असतील तर तसं लिहा, आई घर सांभाळत असेल तर तेही लिहा. पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर लपवू नका.

अर्जाचे १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ ऑनलाइनच भरायचे. मग तुमच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये बायोमेट्रिक्सचं पत्र येतं, ते घेऊन व्हीएफएस केंद्रात (व्हिसा अर्ज केंद्र) जायचं. वयाची ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत.