निवडुंगात पाण्याची टाकी नसते

‘वाळवंटात अडकलात तर गोल निवडुंगाचं डोकं उडवा, आत पाणी भरलेलं असतं,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पाणी असतं, पण ओतून घेण्यासारखं नाही. मेक्सिकोतल्या सोनोरा वाळवंटातला ‘बिस्नागा’ हा गोल निवडुंग कापला तर आत कोवळ्या दुधीसारखा पांढरट, बुळबुळीत गर निघतो. पिळला तर चिकट रस, त्यात ऑक्झॅलिक आम्ल, काही जातींत अल्कलॉइड्स ही त्रासदायक वनस्पती-रसायनंसुद्धा. उपाशीपोटी प्यालात तर उलट्या-जुलाब, म्हणजे अंगातलं होतं नव्हतं तेही पाणी गेलं!

तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सेरी या आदिवासी लोकांचं ज्ञान वनस्पती-अभ्यासकांनी टिपून ठेवलंय. अडीनडीला कोणत्या जातीचा रस चालतो, कोणता पोट बिघडवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. नवख्याला मात्र दोन्ही सारखीच काटेरी पिंपं.