बेने इस्रायल : रब्बीचं काम कोण करत होतं?

रब्बी म्हणजे ज्यू धर्मशास्त्र शिकून निवाडा द्यायचा अधिकार मिळवलेला माणूस. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजात असा माणूस शतकानुशतकं नव्हता. तरी अलिबाग-पेणकडचे त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, बंद असत (गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं ते यावरूनच) आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी होई.

नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या, अशी समाजाची मूळकथा. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू आला. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर नसलेली, म्हणजे ज्यूंना निषिद्ध असलेली, मासळी बाजूला काढली, तशी त्याची खात्री पटली. हा रहाबी कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यातला मानतात. मला त्या कथेतली परीक्षा महत्त्वाची वाटते : ती स्वयंपाकघरात झाली, आणि बायकांनी दिली.

रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं. तेच काजी. लग्नं लावायची, तंटे सोडवायचे, गावोगाव फिरायचं. अधिकार बापाकडून मुलाकडे.

काजींचं महत्त्व मुंबईने घटवलं. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मांडवीला समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं. सिनेगॉग आलं तशी रोजची उपासना आली, आणि ती चालवायला हिब्रू येणारा हाझान हवा झाला. सुरुवातीला ही माणसं कोचीनहून आली. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यांतले नावाजलेले. रेवदंडा, अलिबाग, पनवेल इथेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिनेगॉगं उभी राहिली. शिकवण मात्र मराठीतून रुजली. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली.

हाझान रब्बी नव्हे. पण प्रार्थना, लग्न, दफन यांना माणूस तोच. द्राक्षासवाऐवजी मनुका भिजवून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा तोही त्यानेच. मलिदा या विधीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं यांचं ताट मांडून एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं नाव घेतलं जातं. हा विधी इतर ज्यूंना ठाऊकच नाही. मानपान मुकादमाकडे, म्हणजे समाजाच्या प्रमुखाकडे. एका रब्बीचं काम असं वाटून घेतलेलं होतं.

याची किंमत इस्रायलमध्ये गेल्यावर मोजावी लागली. रब्बींचं न्यायालय नसताना झालेले पूर्वीचे घटस्फोट, पुनर्विवाह शास्त्राला धरून होते का, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने काढली. 1962 मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या काळात आदेश निघाला : बेने इस्रायल व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. समाज चिडला. दोन वर्षं निदर्शनं झाली, जेरुसलेममध्ये लोक ठाण मांडून बसले. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असा ठराव केला. त्यानंतर धर्मपीठाने आदेशातून समाजाचं नाव काढलं. संशय आल्यास वंश तपासायची मुभा मात्र ठेवली.