चुना, उंदीर आणि ऑक्सबरो हॉल

इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये ऑक्सबरो हॉल नावाचा लाल विटांचा एक वाडा आहे, चारही बाजूंनी पाण्याचा खंदक. 2020 मध्ये छताची दुरुस्ती चालू होती म्हणून माळ्यावरच्या फळ्या उचलल्या, तर खाली उंदरांची जुनी घरटी सापडली आणि त्यात सिल्क, मखमल, सॅटिनचे 200 हून जास्त तुकडे, हाताने लिहिलेल्या संगीताचे कागद! काही तर ट्यूडर राजांच्या काळातले, म्हणजे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे. बाकी माळ्यावर 15व्या शतकातल्या प्रार्थनेच्या पोथीचं सोनेरी अक्षरांचं एक पान पण मिळालं, आणि चॉकलेटचा रिकामा डबासुद्धा (तो मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा).

खंदकाला लागून असलेल्या घरात कागद चारशे वर्षं टिकतो कसा? फळ्यांखाली चुन्याच्या गिलाव्याचा चुरा आणि धुळीचा जाड थर साचला होता, त्याने हवेतला ओलावा शोषून घेतला, म्हणून काही कुजलंच नाही. शतकानुशतकं कोणी नीट झाडलोट केली नाही हे बरंच झालं म्हणायचं.

त्या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही, पण विटांची माती भरपूर. एडमंड बेडिंगफिल्डला 1482 मध्ये राजा चौथ्या एडवर्डकडून घराला तटबंदी करायची परवानगी मिळाली आणि त्याने विटा निवडल्या, तेव्हा ती श्रीमंतांचीच चैन होती. मातीतल्या लोहामुळे वीट भाजल्यावर लाल होते हे आपल्याकडच्या भट्टीवरही दिसतं. पण गवंड्याची खरी कमाल बघायची तर दरवाज्याच्या बुरुजातला चक्री जिना बघा. वरचं छत विटांचं, आणि हात धरायचा कठडासुद्धा भिंतीत आत घेतलेला, घडवलेल्या विटांचाच, लाकूड नाही की लोखंड नाही.

हे सगळं धरून ठेवणारा चुनासुद्धा भट्टीतूनच येतो. चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कळीचा चुना उरतो, पाणी घातलं की तो खदखदतो, आणि भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, याला कधीकधी वर्षं लागतात. हा मसाला विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे भिंत जरा हलली तरी वीट फुटत नाही, बारीक तड्यात चुना विरघळून पुन्हा जमतो, आणि भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडते.

वाड्याचे दिवस काही कायम चांगले नव्हते. घराणं कॅथलिक, राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात कॅथलिक पाद्र्यांवर बंदी होती, म्हणून पाद्र्याला लपवायला बुरुजातल्या फरशीखाली गुप्त खोली केलेली, ती अजून आहे. 1775 मध्ये मोठा दिवाणखाना पाडला, आणि 1951 मध्ये तर अख्खा वाडाच पाडणाऱ्याच्या हाती जायला निघाला होता, पण घरातल्या तीन बायकांनी स्वतःची घरं विकून तो सोडवला आणि 1952 मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे दिला.

अशा जुन्या भिंतींना 20व्या शतकात ठिकठिकाणी सिमेंटने दरजा भरल्या गेल्या. दिसायला पक्कं काम, पण सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, मग ती विटेतूनच वाट काढते, थंडीत गोठली की पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा निघून येतो. म्हणून आता तिकडचे कारागीर ते सिमेंट छिन्नीने जपून कोरून काढतात आणि परत चुनाच भरतात.