डेटाबेस त्रुटी हाताळणी

डेटाबेस त्रुटी हाताळणी : वेब ॲप्लिकेशनने पाठवलेली क्वेरी (डेटाबेसला दिलेला आदेश) फसल्यास त्रुटीचा प्रकार ओळखणे, अर्धवट ट्रँझॅक्शन (सगळ्या पुऱ्या व्हाव्यात, नाहीतर एकही नको, असा क्वेरींचा गट) मागे घेणे, लॉगमध्ये नोंद करणे आणि वापरकर्त्याला बेताचेच सांगणे, या कामांना मिळून दिलेले नाव.

चूक ओळखायची ती संदेशाच्या मजकुरावरून नव्हे, कोडवरून. मजकूर आवृत्तीगणिक व सर्व्हरच्या भाषेनुसार बदलतो. क्वेरी लिहिण्याची भाषा असलेल्या एसक्यूएलच्या १९८६ च्या प्रमाणकात ‘एसक्यूएलकोड’ हा पूर्णांक होता : ० म्हणजे यश, १०० म्हणजे माहिती नाही, ऋण संख्या म्हणजे चूक. कोणती ऋण संख्या कशासाठी, हे मात्र उत्पादकांवर सोडले होते. १९९२ च्या प्रमाणकाने पाच अक्षरी ‘एसक्यूएलस्टेट’ आणून एसक्यूएलकोडला कालबाह्य ठरवले. यात पहिली दोन अक्षरे वर्ग सांगतात व उरलेली तीन उपवर्ग. ०८ हा जोडणीचा, २३ अखंडतेच्या निर्बंधांचा, ४० ट्रँझॅक्शन मागे घेतले गेल्याचा वर्ग. तरीही एकवाक्यता अपुरीच राहिली. युनिक निर्बंध (स्तंभात तेच मूल्य दोनदा नको, हा नियम) मोडला की पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली २३५०५ देते. मायएसक्यूएल ही दुसरी प्रणाली नुसते २३००० देऊन नेमका अर्थ स्वतःच्या १०६२ या क्रमांकात ठेवते.

पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दीर्घकाळ रूढ असलेली, क्वेरी फसताच संदेश छापून थांबणारी ‘ऑर डाय’ ही लकब पर्लमधून आली असावी, असे सामान्यतः मानले जाते. तिने तक्त्यांची व स्तंभांची नावे थेट पडद्यावर येत. एसक्यूएल इंजेक्शन करणाऱ्याला, म्हणजे भरलेल्या माहितीतून स्वतःची क्वेरी घुसवणाऱ्याला, ती आयतीच मिळत. डेटाबेसशी जोडणारे जुने मायएसक्यूएल एक्स्टेन्शन पीएचपी ७.० मध्ये (२०१५) काढून टाकले गेले. तेच काम करणाऱ्या पीडीओने ८.० पासून (२०२०) व मायएसक्यूएलआयने ८.१ पासून (२०२१) एक्सेप्शन (प्रोग्रॅमचा नेहमीचा क्रम तोडणारी त्रुटीची सूचना) फेकणे हेच मूळ सेटिंग केले. चूक परत आलेल्या मूल्यात द्यावी की एक्सेप्शनने, याबद्दल मतभेद आहेत. गो भाषा पहिल्या पक्षाची, जावा दुसऱ्या. न तपासलेले मूल्य मुकाट्याने पुढे सरकते, हा पहिल्या पक्षावरचा आक्षेप वजनदार वाटतो.

नोंदणीपूर्वी ईमेल आधीच आहे का, हे सिलेक्टने (माहिती वाचणाऱ्या क्वेरीने) पाहून मग इन्सर्ट करण्याची (नवी नोंद घालण्याची) पद्धत सर्रास दिसते. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोन्ही सिलेक्ट रिकामे परततात आणि तोच ईमेल दोनदा नोंदला जातो. म्हणून युनिक निर्बंध ठेवून थेट इन्सर्ट करावे व (पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये) २३५०५ पकडून ‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे’ असे दाखवावे.

डेडलॉकमध्ये, म्हणजे ट्रँझॅक्शन एकमेकांच्या लॉकची (नोंदींवरील ताब्याची) वाट पाहत अडकली असता, बळी ठरलेले ट्रँझॅक्शन पुन्हा चालवणे हा सर्वमान्य उपाय, पण तो पहिल्या क्वेरीपासून चालवावा लागतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनात डेडलॉक झाल्यास (१२१३) पूर्ण ट्रँझॅक्शन मागे जाते. लॉकची वाट पाहून वेळ संपल्यास (१२०५) मूळ सेटिंगनुसार केवळ ते एक विधान मागे जाते. हा फरक नजरेआड झाला की अर्धे काम कमिट (कायमचे पक्के) होऊन बसते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एखादे विधान फसले की रोलबॅक होईपर्यंत (ट्रँझॅक्शन मागे घेतले जाईपर्यंत), किंवा आधीच्या सेव्हपॉइंटकडे (ट्रँझॅक्शनमध्ये ठेवलेल्या खुणेकडे) परतेपर्यंत, पुढची विधाने २५पी०२ देऊन नाकारली जातात.

कमिट पाठवल्यानंतर उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर बदल टिकला की नाही हे ॲप्लिकेशनला समजत नाही. अशा वेळी आंधळेपणाने पुन्हा प्रयत्न केल्यास ऑर्डर दोनदा पडू शकते. यासाठी प्रत्येक विनंतीला स्वतंत्र ओळखक्रमांक देऊन त्यावरच युनिक निर्बंध लावतात. दुसऱ्या प्रयत्नाला २३५०५ आला, तर पहिला यशस्वी झाला होता असे धरतात.