ग्रीनम कॉमन

इंग्लंडच्या बर्कशर परगण्यातील न्यूबरी शहराच्या आग्नेयेस असलेले गायरान आणि माजी लष्करी विमानतळ. आसपासच्या ठरावीक घरांना येथे गुरे चारण्याचा व सरपण नेण्याचा जुना हक्क होता. तळ बंद पडल्यावर जमीन लोकांकडे परतली, त्यात या हक्काचा वाटा मोठा आहे.

सरकारने १९४१ मध्ये ही जमीन दुसऱ्या महायुद्धासाठी ताब्यात घेतली. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या चढाईआधी, ५ जून १९४४ रोजी, दोस्त सैन्याचे सरसेनापती जनरल आयझेनहॉवर छत्रीधारी सैनिकांना येथेच भेटले. १९५१ पासून अमेरिकी हवाई दलासाठी सुमारे ३ किमी. लांबीची धावपट्टी बांधली गेली. पुढे ९६ अण्वस्त्रवाही क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी सहा कोठारे उभी राहिली. त्यांच्या विरोधात कार्डिफहून चालत आलेल्या महिलांनी सप्टेंबर १९८१ मध्ये कुंपणाबाहेर शांतता छावणी मांडली. डिसेंबर १९८२ मध्ये सुमारे ३०,००० महिलांनी हात गुंफून तळाला वेढा घातला. तरीही १९८३ मध्ये क्षेपणास्त्रे आलीच. १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानुसार ती मार्च १९९१ पर्यंत हलवली गेली.

छावणी सर्वांना आठवते, न्यायालयीन लढा मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. तळावर प्रवेशबंदी करणारे १९८५ चे उपविधी (कायद्याखाली केलेले दुय्यम नियम) हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९९० मध्ये अवैध ठरवले. गायरानावरील हक्कांना बाधा आणणारे उपविधी करण्यास १८९२ च्या लष्करी जमीन कायद्यातच मनाई होती.

१९९० च्या दशकात धावपट्टी फोडण्यात आली व तिची खडी न्यूबरीच्या वळणरस्त्याला वापरली गेली. इंधनाच्या टाक्या व नळांतून झिरपलेल्या तेलाने दूषित झालेली माती साफ करावी लागली. १९९७ मध्ये एका न्यासाने तळ विकत घेतला. इमारतींच्या जागी उद्योगवसाहत झाली आणि मोकळी जमीन स्थानिक परिषदेला एका पौंडात मिळाली. एप्रिल २००० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. २००२ च्या कायद्याने चराईचे हक्क पुन्हा प्रस्थापित झाले.

येथील मूळ झुडूप हेदर. त्याला आम्लधर्मी, निकस माती लागते; सुपीक माती पसरली तर गवत माजून हेदर दबते. धावपट्टीच्या पट्ट्यात काँक्रीटमधला चुना मुरल्याने चुनखडीच्या जमिनीवरच्या वनस्पतीही उगवतात. चराई थांबली की बर्च आणि काटेरी गॉर्स काही वर्षांत माळ व्यापतात, म्हणून गुरे सोडणे हे देखभालीचे मुख्य साधन आहे. नाइटजार, वुडलार्क हे पक्षी जमिनीवर घरटी करतात. त्यामुळे विणीच्या हंगामात वाट सोडून चालू नये आणि कुत्री साखळीने बांधलेली असावीत.