जुन्या पेठेतली दुरुस्ती आणि शंभर मीटरचा नियम : पार्श्वभूमी

लोणार, सिंदखेडराजा, बाळापूर, अचलपूर, कारंजा, पवनी. विदर्भातल्या अशा जुन्या गावांत घराचा दर्शनी भाग बदलायचा, भिंत नव्याने घालायची किंवा वर एक मजला चढवायचा म्हटलं की परवानगीचा प्रश्न उभा राहतो. तक्रार सगळीकडे साधारण सारखीच असते. एका गल्लीत पावसाने बसलेली मातीची भिंत पुन्हा उभी करायला मनाई असते. दोन गल्ल्या सोडून सागवानी माडी उतरवली जाते, तिथे शटरची चार दुकानं उठतात, आणि त्यांचं रूप कसं असावं हे कोणी विचारत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून आल्या आहेत : केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई, आणि जिथे असं स्मारक जवळ नाही तिथल्या पेठेकडे कोणाचं लक्षच नाही.

ही गावं जुनी आहेत हे सांगायला नको. अचलपूर इमादशाहीची राजधानी होती, बाळापूरचा किल्ला अठराव्या शतकात पुरा झाला, सिंदखेडराजा जाधवांचं. पण आज ज्याला आपण जुनी पेठ म्हणतो, तिचं दिसणारं रूप बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे, आणि ते कापसाने घडवलं. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. खामगाव, कारंजा, हिंगणघाट इथल्या व्यापाऱ्यांच्या हातात पैसा खेळू लागला आणि तो घरांत दिसू लागला. खाली रस्त्याला लागून ओटा आणि फळ्या लावून बंद होणारं दुकान, वर लाकडी कठड्याची माडी, आत चौक. दर्शनी बाजूला विटा आणि चुना, मागे मात्र मातीच्याच जाड भिंती. पश्चिमेला बुलढाणा-अकोल्याकडे मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत, पूर्वेला भंडारा-चंद्रपूरकडे कवेलू, म्हणजे कौलं.

हे बांधकाम कसं टिकतं, ते समजल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. शेतातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून भिंतीला ती चालत नाही. घरं पांढऱ्या मातीची. गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात ते उगाच नाही, आणि ओस गढ्यांची माती लोक खणून नेत आले तेही त्यामुळेच. गव्हाचं कुटार मातीत भिजवून, कुजवून गिलावा करायचा, पावसाळ्याआधी धाब्यावर नवा थर द्यायचा, सणावाराला भिंती सारवायच्या. एवढं करूनही भिंतीचा पायथा ओल धरतो आणि झिजतो. मग तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो. खांब, तुळया तशाच राहतात, भिंत नवी होते. दोन-तीन पिढ्यांत घराची जवळजवळ प्रत्येक भिंत कधी ना कधी पुन्हा घातलेली असते. अशा घराची दुरुस्ती म्हणजे थोडं थोडं करून त्याचं पुन्हा बांधणंच असतं.

कायद्याने मात्र सुरुवातीपासून घरांकडे नाही, स्मारकांकडे पाहिलं. १८९७ मध्ये मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी छापली गेली. १९०४ मध्ये स्मारकं जपण्याचा कायदा झाला. त्यात स्मारकाभोवतीची जागा विचारात घेतली होती, पण कुंपण घालायला आणि जपणुकीला लागेल तेवढीच. १९५८ चा केंद्राचा कायदा आणि १९६० चा राज्याचा कायदा त्याच वाटेने गेले. दुसऱ्या बाजूला नगरपालिकांचे कायदे : आधी मध्यप्रांताचा १९२२ चा, मग महाराष्ट्राचा १९६५ चा. त्यांनी बांधकामाची परवानगी सक्तीची केली, पण तपासायचं ते रस्त्याची रेषा, नाली, हवा-उजेड आणि मोकळी जागा. माडीचा कठडा राहतो की जातो, शेजारच्या घरांच्या ओळीशी नवं घर जुळतं की नाही, हा नगरपालिकेच्या नकाशा-मंजुरीचा विषय कधी नव्हताच.

पेठेतल्या घरांना खरं वळण लागलं ते १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने. महानगरांत स्मारकांना खेटून इमारती उठत होत्या. त्यावर उपाय म्हणून केंद्राने आपल्या प्रत्येक संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित ठरवले. देशभर एकच अंतर. मोकळ्या माळावरची लेणी असोत, दिल्लीतला मकबरा असो की लोणारच्या भरवस्तीतलं दैत्यसूदनाचं देऊळ, फूटपट्टी एकच. अंतरही देवळाच्या भिंतीपासून मोजायचं नाही, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजायचं.

हे अंतर कागदावर लहान वाटतं. एका बिंदूभोवती १०० मीटर घेतले तरी ३ हेक्टरांहून जास्त जागा प्रतिबंधित होते. ३०० मीटरपर्यंत गेलं तर २८ हेक्टर. लहान गावाची सगळी जुनी वस्ती त्यात मावते. स्मारक लांबट असेल तर हिशेब आणखी कठीण होतो. तटबंदीच्या दर किलोमीटरमागे दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर मीटर धरले की २० हेक्टर प्रतिबंधित. चंद्रपूर आता महानगरपालिका आहे, पण तिथला गोंडकालीन परकोट गावाला वळसा घालून जातो, आणि तटाच्या आत-बाहेर राहणाऱ्या हजारो घरांना ही अट लागू आहे. दुसऱ्या टोकाला कारंजाच्या वेशींच्या आतली जुनी गल्ली घ्या. जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक नसेल, तर तिथे हा नियम पोचतच नाही. तिथली माडी उद्या उतरवली तरी त्याला अडवणारं काही नाही.

१९९२ नंतर अपवाद होत राहिले. २००६ पासून एक सल्लागार समिती शंभर मीटरच्या आतही परवानग्या देऊ लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या समितीला कायद्याचा आधार नाही असं ठरवलं. २०१० च्या जानेवारीत अध्यादेश निघाला आणि मार्च २०१० मध्ये दुरुस्ती कायदा झाला. आतापर्यंत जे अधिसूचनेत होतं ते कलमात गेलं. समितीने आधी दिलेल्या परवानग्या वैध ठरवल्या आणि यापुढे प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम कोणालाच नाही, असं स्पष्ट लिहिलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत अन्यायाचा भाग हाच आहे. ज्यांनी घाई करून मिळवलं त्यांचं टिकलं, आणि जे थांबले, ज्यांना अशी समिती आहे हेही ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी दार बंद झालं. मुंबई-दिल्लीच्या विकासकाला त्या समितीचा पत्ता माहीत असणार. पवनीच्या विणकराला तो कुठून असणार?

याच कायद्याने तीन गोष्टी वेगळ्या केल्या आणि गुंता तिथेच झाला. एक, बांधकाम : नवी इमारत, किंवा जुनीत उंचीला वा लांबी-रुंदीला घातलेली भर. दोन, पुनर्बांधकाम : असलेली इमारत त्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभी करणं. तीन, दुरुस्ती आणि नूतनीकरण : असलेल्या इमारतीतले बदल, पण त्यात पहिल्या दोन गोष्टी धरायच्या नाहीत. नियंत्रित पट्ट्यात तिन्हींसाठी अर्ज करता येतो. प्रतिबंधित पट्ट्यात फक्त तिसरीसाठी, आणि तोही घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेलं असेल तरच.

सिमेंटच्या इमारतीत या व्याख्या चालतात. गिलावा, फरशी, खिडक्या, रंग ही दुरुस्ती. सांगाडा पाडून पुन्हा उभा केला तर पुनर्बांधकाम. मातीच्या वाड्यात ही रेघ ओढायची कुठे? मागची भिंत पावसाने बसली आणि ती त्याच जागी, त्याच जाडीची घातली, तर ती दुरुस्ती की पुनर्बांधकाम? तीन भिंती बसल्या तर? धाब्याचं लाकूड कुजलं म्हणून सगळं छत उतरवून नव्या सागवानी बल्ल्यांवर पुन्हा घातलं तर? व्याख्येत भिंतींची संख्या नाही, टक्केवारी नाही, मातीच्या घराचा उल्लेखही नाही. निर्णय अर्ज हाताळणाऱ्याच्या समजुतीवर राहतो. अर्ज १५ दिवसांत वरच्या प्राधिकरणाकडे जातो, तिथे दोन महिने, परत आल्यावर आणखी एक महिना. मृगाच्या तोंडावर पडायला आलेल्या भिंतीला एवढी सवड नसते. परवानगीविना काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याचा दृश्य परिणाम पेठेत फिरताना जागोजागी दिसतो. लोक उघडपणे भिंत घालत नाहीत, आतून सिमेंटचा थर देतात. सिमेंट मातीला श्वास घेऊ देत नाही, ओल आत कोंडते आणि भिंत पोखरली जाते. धाब्यावर पत्रे चढतात, कारण पत्रा रात्रीत टाकता येतो. पारंपरिक पद्धतीने, त्याच मातीत, त्याच मापात काम करणाऱ्याला नियम अडवतो आणि घराची प्रकृती व रूप दोन्ही बिघडवणारं काम नजरेआड होऊन जातं. वारसा जपण्यासाठी केलेल्या नियमाचा हा उलटा परिणाम आहे, आणि तो टाळता आला असता.

पावसाळ्याआधी नगरपरिषद धोकादायक घरांना नोटिसा देते, हा आणखी एक पेच. तिच्या कायद्यानुसार पडायला आलेली भिंत मालकाने उतरवायची. त्याने नोटीस पाळून उतरवली की दुरुस्ती करायला ‘असलेली इमारत’च उरत नाही, आणि पुनर्बांधकामाला तर बंदी. एका कायद्याची आज्ञा पाळणारा दुसऱ्या कायद्याच्या दाराबाहेर पडतो.

घरकुलाचंही तसंच. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास (शहरी) योजनेत कच्चं घर पाडून पक्कं बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये मिळत, किंवा आहे त्या घराला वाढीव खोली काढता येई. यातलं पहिलं पुनर्बांधकाम किंवा नवं बांधकाम आणि दुसरं भर. प्रतिबंधित पट्ट्यात दोन्ही बाद. नुसत्या दुरुस्तीला ही योजना पैसे देत नव्हती. त्यात विदर्भातल्या जुन्या वस्त्यांची जागा बऱ्याचदा नझूलची (सरकारी मालकीची, पट्ट्याने दिलेली), म्हणजे आखीव पत्रिकेचं, पट्ट्याच्या नूतनीकरणाचं आणि ना-हरकतीचं काम वेगळंच.

स्मारकापासून दूर असलेल्या पेठेसाठी दुसरी वाट मुंबईतून आली. १९९५ मध्ये तिथे वारसा नियमावली लागू झाली. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या : पहिलीत जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत आतले बदल चालतील, तिसरीत रस्त्याची शोभा राखून बदल करायचे. एकेकट्या इमारतीसोबत अख्ख्या परिसरालाही वारसा ठरवता येतं, हा त्यातला मोलाचा भाग. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने बहुतेक सगळ्या शहरांसाठी आणि नगरपरिषदांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली, त्यातही ही श्रेणीव्यवस्था आहे. म्हणजे बाळापूर किंवा कारंज्याची नगरपरिषद आज आपल्या पेठेला वारसा परिसर ठरवू शकते, माडीचा कठडा, दुकानाच्या फळ्या, घरांच्या ओळीची उंची यांची अट घालू शकते. पण त्यासाठी आधी यादी हवी, हरकती-सूचना हव्यात, तपासायला वास्तुविशारद आणि जाणकारांची समिती हवी. यादी नसेल तर तपासणी सुरूच होत नाही. लहान नगरपरिषदेत अभियंत्याची जागाच अनेकदा एका माणसावर किंवा प्रभारीवर असते, तो नळयोजना बघेल की कठडे?

प्रत्येक स्मारकासाठी वेगळे नियम, म्हणजे उपविधी, करायचे, त्यात उंची, रंग, साहित्य, दर्शनी रूप ठरवायचं, ही तरतूद २०१० च्या कायद्यातच आहे. मातीच्या घरांचा प्रश्न सोडवायची सर्वांत नेमकी जागा हीच होती. देशात केंद्राची साडेतीन हजारांहून अधिक स्मारकं आहेत आणि उपविधींचं काम अतिशय संथ चाललं आहे. २०२३ मध्ये संसदीय समितीने सरसकट अंतरामुळे होणारी लोकांची गैरसोय नोंदवली. त्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये, लोकसभेने या कायद्याला दुरुस्ती मंजूर केली होती. तिच्यात प्रतिबंधित पट्ट्यात सवलत होती ती केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना : रस्ते, पूल आणि तत्सम. बसलेल्या भिंतीच्या मालकासाठी तिच्यात एक ओळही नव्हती. विधेयक राज्यसभेत निवड समितीकडे गेलं, त्याचा कायदा झाला नाही, आणि दुरुस्तीची २०१० ची व्याख्या आहे तशीच लागू आहे.